शेकोटीच्या फळीतून निघालेले सूर

१९६३ सालची गोष्ट. लंडनच्या एका उपनगरात राहणाऱ्या सोळा वर्षांच्या ब्रायन मे नावाच्या मुलाला इलेक्ट्रिक गिटार हवी होती. दुकानातली चांगली गिटार घेण्याइतके पैसे घरात नव्हते. पण वडिलांना इलेक्ट्रॉनिक्सची उत्तम जाण होती आणि हातात सुतारकामाची हत्यारे होती. मग बापलेकांनी ठरवले, गिटार घरीच करायची!

मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीची महॉगनीची फळी मिळाली. तिला किडीने पाडलेली भोके होती, ती आगकाडीने बुजवली. अंगासाठी जुन्या मेजाचे ओक लाकूड, पट्टीवरच्या खुणांसाठी आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणे, दांडीच्या टोकाला विणकामाच्या सुईचा तुकडा! या कामाला सुमारे दोन वर्षे लागली. तयार झालेल्या गिटारीचे नाव पडले 'रेड स्पेशल'. पुढे ब्रायन 'क्वीन' या जगप्रसिद्ध वाद्यवृंदाचा गिटारवादक झाला. (या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे मूळचा फारुख बलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, बरे का!) रंगमंचावर आणि ध्वनिमुद्रिकांत ब्रायनने आयुष्यभर मुख्यतः हीच गिटार वाजवली.

गाणे चालू असता गायक थांबतो आणि गिटार एकटीच बोलू लागते, त्या तुकड्याला 'सोलो' म्हणतात. ब्रायनचे दोन सोलो मला फार आवडतात. कानाला ते गोड लागतात हे खरेच, पण ते नीट समजून घ्यायचे तर तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातली दोन-तीन प्रकरणे उघडावी लागतात.

आधी गिटारीतली एक युक्ती पाहू. या गिटारीला एक दांडी असते. ती दाबली की सर्व तारा सैल होतात, स्वर खाली घसरतो. सोडली की तो पुन्हा वर येतो. पण त्या काळच्या बहुतेक गिटारी अशा वेळी बेसूर होत, कारण घर्षणामुळे तारा पहिल्या ताणावर परत येत नसत. ब्रायनने काय केले? तारा जिथे अडकवतात तो भाग त्याने कठीण पोलादाच्या धारेवर तोलला आणि तारांच्या ओढीला तोंड द्यायला मोटरसायकलच्या दोन स्प्रिंगा लावल्या. तुमच्या प्रयोगशाळेतला तराजू आठवा. त्याची दांडीही अशाच धारेवर टेकलेली असते. टेकू जितका अरुंद, तितके घर्षण कमी!

आता पहिला सोलो. १९७५ सालच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या गाण्यात तो येतो आणि जेमतेम अर्धा मिनिट टिकतो. त्यात गिटारीचा आवाज थोडा नाकातून आल्यासारखा, माणसाच्या गाण्याजवळ जाणारा वाटतो. असे का?

इलेक्ट्रिक गिटारीत पोलादी तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्याला पिकअप म्हणतात. तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात विद्युत्प्रवाह निर्माण होतो. हा फॅरडेचा शोध तुम्ही शिकला आहातच. ब्रायनने सुरुवातीला पिकअपही घरीच गुंडाळले होते. पण तार बोटाने बाजूला ओढली की त्यांचा आवाज बिघडे, म्हणून पुढे त्याने विकतचे तीन बसवले. मात्र जोडणी स्वतःच्या डोक्याने केली. तिन्ही पिकअप एकसरी जोडणीत आणि प्रत्येकाला दोन बटणे. एक चालू-बंद करण्याचे. दुसरे त्याची टोके उलटी करण्याचे, म्हणजे अधिकचे उणे करण्याचे.

दोन पिकअपांपैकी एक उलटा केला तर काय होईल? दोन्ही आवाज एकमेकांना मारतील, असे तुम्ही म्हणाल. थांबा! तार एकाच प्रकारे हलत नसते. ती सगळी मिळून एका कमानीसारखी वरखाली होते, तो मूळ स्वर. त्याच वेळी ती दोन, तीन, चार, पाच अशा समान भागांतही थरथरत असते, ते उपस्वर. मूळ स्वरात दोन्ही पिकअपांवरचा तारेचा भाग एकाच दिशेने जातो, म्हणून वजाबाकीत मूळ स्वर बराचसा नाहीसा होतो. पण तार पाच-सहा भागांत कंप पावते तेव्हा दोन पिकअपांच्या मधोमध एखादा स्थिर बिंदू येऊ शकतो. त्याच्या अलीकडची तार वर, तर पलीकडची खाली! इथे वजातून वजा म्हणजे अधिक. हे उपस्वर उलट बळावतात. भारदस्तपणा ओसरतो, धार उरते. ब्रायनने हा सोलो अशाच उलट्या जोडणीवर वाजवला आहे.

शिक्षकांना हे वर्गात सहज दाखवता येईल. एकाच आवाजाचे दोन ध्वनिक्षेपक शेजारी ठेवावेत आणि एकाच्या दोन तारांची अदलाबदल करावी. खर्ज एकदम पातळ होतो. मुले चकित होतात, हा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या सोलोकडे जाण्याआधी थोडे ब्रायनविषयी. तो लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ग्रहांच्या दरम्यान पसरलेल्या धुळीवर संशोधन करत होता. या धुळीवरून परावर्तित होणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातील रेषा किती सरकतात, हे मोजून धुळीचा वेग काढायचा, असा त्याचा विषय. वाद्यवृंदाला यश मिळू लागले आणि १९७४ च्या सुमारास प्रबंध अर्धवट राहिला. गिटार करायला ज्या वडिलांनी दोन वर्षे मदत केली, त्यांनाच हा निर्णय पटला नाही. फार वाईट वाटले त्यांना. बापलेकांत त्यामुळे काही काळ दुरावा आला. वडिलांचे चुकले असे मला म्हणवत नाही; गिटार घरी करणे वेगळे आणि तिच्यावर पोट भरणे वेगळे. प्रबंध अखेर २००७ साली पुरा झाला आणि ब्रायनला डॉक्टरेट मिळाली.

त्याच १९७४ मध्ये 'ब्रायटन रॉक' हे गाणे आले. त्याचा सोलो लांबलचक आहे आणि माझ्या मते ब्रायनचा सर्वांत बुद्धिमान. रंगमंचावर तो वाजवताना एकटा ब्रायन तिघांसारखा ऐकू येई.

माथेरानला एको पॉइंटवर तुम्ही ओरडला असाल. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. प्रतिध्वनी ०·८ सेकंदाने यायला डोंगरकडा १३६ मीटर दूर हवा. रंगमंचावर डोंगर कुठून आणणार? म्हणून त्या काळी फिती वापरत. एका जागी आवाज फितीवर नोंदवला जातो आणि थोड्या पुढे दुसरे 'डोके' तो वाचते. समजा, फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर सरकते आणि डोक्यांतले अंतर १५·२ सेंटिमीटर आहे. भागून पाहा, तेच ०·८ सेकंद! ब्रायनने बाजारातले यंत्र खोलले आणि डोके सरकवण्याची पट्टी बदलून हवा तेवढा उशीर करण्याची सोय केली. अशी दोन यंत्रे घेऊन प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ध्वनिवर्धकाला दिला.

आता गंमत पाहा. समजा दुसऱ्या यंत्राचा उशीर पहिल्याच्या दुप्पट आहे. ब्रायन 'सा' वाजवतो. पहिल्या यंत्रातून 'सा' परत येतो, नेमका तेव्हा तो 'ग' वाजवतो. पुढच्या ठोक्याला पहिले यंत्र 'ग' देते, दुसरे 'सा' देते आणि ब्रायन 'प' वाजवतो. सा, ग, प एकाच वेळी! मात्र चूक झाली तर तीही दोनदा परत येणार, हे विसरू नका. आपण काही क्षणांपूर्वी काय वाजवले ते लक्षात ठेवून त्याच्याशी जुळेल असेच पुढचे वाजवायचे.

हा सोलो मिळाला तर घड्याळ घेऊन ऐका. एखादा ठसठशीत तुकडा निवडा, तो किती सेकंदांनी परत येतो ते मोजा आणि तेवढ्यासाठी डोंगर किती दूर उभा करावा लागला असता, ते वहीत काढा.