थॉमस पेनने पाहिलेल्या दोन क्रांत्या

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला ४ जुलै २०२६ रोजी २५० वर्षं होतात. त्यानिमित्ताने जुनी तुलना पुन्हा रंगली आहे : अमेरिकेची क्रांती शहाणी, फ्रान्सची रक्तबंबाळ. एकीची १७८७ मध्ये लिहिलेली राज्यघटना २७ दुरुस्त्यांसह आजही चालते. दुसरीच्या वाट्याला सम्राट आले, राजे परतले आणि पाच प्रजासत्ताकं झाली. मला हा निवाडा अर्धवट वाटतो.

यात साक्ष काढावी ती थॉमस पेनची. १७७६ च्या जानेवारीत त्याच्या ‘कॉमन सेन्स’ या पुस्तिकेने अमेरिकी वसाहतींत राजाविरुद्ध रान पेटवलं. १७९२ मध्ये तो फ्रान्सच्या कन्व्हेन्शनवर, म्हणजे क्रांतिकाळातल्या संसदेवर, निवडून गेला. सोळाव्या लुईला मारू नका, अमेरिकेला धाडा, असं त्याने तिथे ठासून सांगितलं. १७९३ सरता सरता तोच तुरुंगात पडला. गिलोटिनवर न्यायच्या कैद्यांच्या दारावर खडूने खूण करत. पेनचं दार तेव्हा सताड उघडं होतं, खूण आतल्या बाजूवर पडली. रात्री दार लागलं आणि तो वाचला. ही हकिकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे.

माणूस तोच, विचार तेच. मग फळं वेगळी का? व्हर्जिनियात १६१९ पासून निवडून आलेली सभा होती, कारभाराची सवय मुरलेली होती. फ्रान्सची इस्टेट्स-जनरल ही प्रतिनिधिसभा १६१४ नंतर भरली ती थेट १७८९ मध्ये. अमेरिकेच्या युद्धाला मदत करून तिजोरी खंक झालेली, गरिबांना पावाची भ्रांत. तिथे सगळे प्रश्न एकाच वेळी अंगावर आले.

अमेरिकेने मात्र सर्वांत अवघड प्रश्न पुढे ढकलला. घटनेने गुलामगिरी राहू दिली. प्रतिनिधींची संख्या ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरली. फ्रान्सने हैतीतल्या गुलामांच्या उठावाच्या रेट्याने १७९४ मध्ये वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. १८०२ मध्ये नेपोलियनने ती परत आणली. अमेरिकेत ती जायला यादवी युद्ध व्हावं लागलं, १८६५ उजाडावं लागलं.

पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलेल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना. त्यांची कसोटी मला पटते. क्रांतीची घटना किती वर्षं टिकली, याआधी ती तळातल्या माणसापर्यंत पोचली का, हे विचारायला हवं. अमेरिकेने १७७६ चा सोहळा जरूर करावा. त्यात १८६५ ला मानाचं पान मिळालंच पाहिजे.