चकटफू वाहिन्यांचा हिशेब

महिना संपत आला, की दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एक पट्टी झळकू लागते आणि शिल्लक संपत आल्याची आठवण करून देते. इंटरनेटचे देयक वेगळे, मोबाइलचे वेगळे, चित्रपट-मालिकांच्या ऑनलाइन सेवांची वर्गणी वेगळी. या गर्दीत टीव्हीसाठी वेगळे पैसे कशाला मोजायचे, असा प्रश्न शहरांतील अनेक घरांत विचारला जाऊ लागला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजेच 'ट्राय'च्या आकडेवारीनुसार डिसेंबर २०२० अखेर सशुल्क डीटीएच सेवेचे सक्रिय ग्राहक सात कोटींच्या घरात होते. मार्च २०२५ अखेर ते पावणेसहा कोटींच्या आसपास आले. बाहेर पडलेल्यांपैकी काही इंटरनेटकडे वळले, तर काहींनी प्रसार भारतीच्या 'डीडी फ्री डिश'ची वाट धरली. ही वाट स्वस्त आहे, यात शंका नाही. परंतु तिथे काय मिळते आणि काय सुटते, याचा हिशेब आधीच मांडलेला बरा.

'मोफत'चे दोन अर्थ

या विषयातील सर्वांत मोठा गोंधळ 'मोफत' या एका शब्दाचा आहे. मोफत वाहिनी म्हणजे जिचा मालक प्रेक्षकाकडून वर्गणी घेत नाही ती वाहिनी. मात्र ती घरापर्यंत पोहोचवणारा केबलचालक किंवा डीटीएच कंपनी आपल्या सेवेचे पैसे घेतेच. मुंबईकरांना याचा पहिला धडा 'कॅस'ने दिला. २००७ च्या आरंभी ही पद्धत मुंबईच्या ठरावीक भागांत लागू झाली, तेव्हा केवळ मोफत वाहिन्यांच्या संचासाठी करांव्यतिरिक्त ७७ रुपये आणि प्रत्येक सशुल्क वाहिनीसाठी कमाल पाच रुपये, असा दर ठरला होता.

फेब्रुवारी २०१९ मध्ये नवी दरपद्धती आली, तेव्हाही तत्त्व तेच राहिले. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी जोडणी शुल्क कमाल १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, असे मिळून १५३ रुपये ४० पैसे होत. एकही सशुल्क वाहिनी न घेणाऱ्या घरालाही ही रक्कम चुकत नव्हती. २०२० च्या दुरुस्तीने तेवढ्याच शुल्कात दोनशे वाहिन्या देण्याचे बंधन घातले. जुलै २०२४ च्या दुरुस्तीने मात्र शुल्कावरची कमाल मर्यादाच उठवली आणि ते ठरवणे कंपन्यांवर सोपवले. त्यामुळे आहे त्याच कंपनीकडे राहून सगळ्या सशुल्क वाहिन्या काढून टाकल्या, तर देयक कमी होते, शून्य होत नाही. शून्यावर यायचे तर वाहिनी आणि वाहक दोन्ही मोफत हवेत, आणि फ्री डिशचे वेगळेपण नेमके तेच आहे.

मग पैसे भरतो कोण?

दूरदर्शनने १६ डिसेंबर २००४ रोजी 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ही सेवा सुरू केली, तेव्हा तिच्यावर ३३ वाहिन्या होत्या. डोंगराळ आणि दुर्गम भागांत जमिनीवरील मनोऱ्यांचे प्रक्षेपण पोहोचत नव्हते. तिथे उपग्रहाने पोहोचावे, हा मूळ हेतू. पुढे खासगी वाहिन्यांना या व्यासपीठाचे मोल कळले आणि प्रसार भारती उपग्रहावरील जागांचा लिलाव करू लागली. प्रेक्षक पैसे देत नाही, म्हणून वाहिनी पैसे देते आणि ते जाहिरातदाराकडून वसूल करते. २०१५ मध्ये 'बार्क'च्या प्रेक्षकमोजणीत ग्रामीण घरांचाही समावेश झाला. त्यानंतर या प्रेक्षकाची किंमत जाहिरातदारांच्या लेखी आणखी वाढली. आज चार कोटींहून अधिक घरांत ही सेवा पोहोचल्याचा अंदाज आहे.

जाहिराती सशुल्क वाहिन्यांवरही असतात. म्हणजे पैसे भरणारा प्रेक्षक वर्गणीही देतो आणि जाहिरातींत वेळही घालवतो. फ्री डिशचा प्रेक्षक फक्त वेळ देतो. या तुलनेत फ्री डिशचे पारडे जड वाटेल, पण दुसरी बाजूही आहे. सशुल्क सेवेत २०१९ पासून एकेक वाहिनी निवडण्याचा वा नाकारण्याचा हक्क ग्राहकाला आहे. फ्री डिशवर कोणती वाहिनी असावी, हे लिलाव ठरवतो.

याचा प्रत्यय एकदा नव्हे, दोनदा आला. स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल आणि रिश्ते या लोकप्रिय हिंदी वाहिन्या मार्च २०१९ मध्ये फ्री डिशवरून एकाएकी दिसेनाशा झाल्या. २०२० मध्ये त्या परतल्या आणि एप्रिल २०२२ पासून पुन्हा बाहेर पडल्या. सशुल्क ग्राहक घटू लागले, की मोठे समूह आपला माल मोफत दुकानातून उचलतात. जाहिरातींचे उत्पन्न बुडू लागले, की तोच माल परत मांडतात. यात प्रेक्षकाचे मत कोणी विचारत नाही, कारण तो या व्यवहारातला ग्राहकच नसतो.

मराठी घराला काय मिळते?

लिलावात सर्वाधिक राखीव किंमत हिंदी मनोरंजन वाहिन्यांच्या गटाला असते. यावरून या व्यासपीठाचा कल कुठे आहे, ते कळते. हिंदी चित्रपट, बातम्या, गाणी आणि भक्तिपर कार्यक्रम यांची तिथे रेलचेल आहे. सह्याद्री वाहिनी आहेच. काही खासगी मराठी वाहिन्याही लिलावातून येत-जात असतात. मात्र झी मराठी, स्टार प्रवाह किंवा कलर्स मराठी यांवरील रोजच्या नव्या मालिका पाहायच्या, तर त्या सशुल्क वाहिन्या आहेत. ज्या घरात संध्याकाळी सात ते दहा हा वेळ याच मालिकांचा असतो, त्या घरात फ्री डिश बसवल्यास पहिल्याच आठवड्यात कुरबूर सुरू होईल.

क्रिकेटचे गणित याहून चमत्कारिक आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडा स्पर्धांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देण्याचे बंधन २००७ च्या कायद्याने खासगी वाहिन्यांवर घातले. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने, तसेच ऑलिम्पिकसारख्या स्पर्धा त्यात येतात. आयपीएल येत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की असे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरील आणि डीटीएच जाळ्यापुरतेच आहे. खासगी केबल वा डीटीएचवरून ते दाखवता येणार नाही. परिणामी भारताचा सामना फ्री डिशच्या घरात फुकट दिसू शकतो आणि दरमहा पैसे भरणाऱ्या शेजाऱ्याला त्याच सामन्यासाठी क्रीडावाहिनी विकत घ्यावी लागते. मात्र युरोपातील फुटबॉल, टेनिस आणि आयपीएल यांचा नियमित प्रेक्षक फ्री डिशवर उपाशीच राहील. एचडी वाहिन्याही तिथे मोजक्याच आहेत.

छत्री कुठे वळवायची?

फ्री डिशसाठी लागते ती एक तबकडी, तिच्या तोंडाशी बसणारा एलएनबी, केबल आणि सेट-टॉप बॉक्स. हा सारा संच साधारणपणे दोन हजार रुपयांच्या आत येतो आणि तो खर्च एकदाच करावा लागतो. महिन्याला ३०० रुपये भरणाऱ्या घराचे वर्षाला ३,६०० रुपये जातात. म्हणजे संचाची किंमत सात महिन्यांत निघते. बॉक्स घेताना तो 'एमपेग-४' प्रकारचा असल्याची खात्री करावी. जुन्या 'एमपेग-२' बॉक्सवर सर्व वाहिन्या दिसत नाहीत.

जुनी डीटीएच तबकडी बहुधा उपयोगी पडते, पण तिची दिशा बदलावी लागते. फ्री डिशचे प्रक्षेपण जीसॅट-१५ या उपग्रहावरून होते. हा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे कोलकात्याच्याही पूर्वेला आहे. मुंबई-पुण्याहून पाहता तो आग्नेयेकडे, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंचीवर येतो. नागपूरहून दक्षिणेकडे थोडा अधिक झुकलेला आणि सुमारे ६० अंशांवर. त्या दिशेला शेजारची इमारत किंवा मोठे झाड आडवे आले, तर छत्री कितीही चांगली असो, चित्र येत नाही. ज्या सदनिकेच्या खिडक्या केवळ वायव्येला उघडतात, तिथे गच्चीला पर्याय नाही आणि गच्ची म्हटली, की सोसायटीची परवानगी आली. मुसळधार पावसात चित्र तुटण्याचा त्रास मात्र इथेही टळत नाही. केयू बँडच्या लहरी दाट पावसात क्षीण होतात आणि पैसे भरणाऱ्या डीटीएचचीही त्यातून सुटका नाही.

जुना सेट-टॉप बॉक्स फ्री डिशसाठी चालेल, असे गृहीत धरू नये. डीटीएच कंपन्यांचे बॉक्स सहसा त्यांच्याच सेवेपुरते बांधलेले असतात. बॉक्स विकत घेतलेला आहे की भाड्याचा, हेही करारात पाहावे आणि भाड्याचा असल्यास परत करावा. नव्या बॉक्सवर दर काही महिन्यांनी वाहिन्यांचा शोध नव्याने घ्यावा लागतो. लिलावानंतर वाहिन्यांच्या जागा बदलतात आणि न शोधलेली नवी वाहिनी आपणहून पडद्यावर येत नाही.

निर्णय कसा घ्यावा?

छत्री विकत घेण्यापूर्वी घरातील प्रत्येकाने महिनाभर खरोखर पाहिलेल्या वाहिन्यांची यादी करावी. दोन-अडीचशे वाहिन्यांचे देयक भरणाऱ्या घरात ती यादी आठ-दहा नावांपलीकडे क्वचितच जाईल. त्यांतील बहुतेक नावे बातम्या, जुने चित्रपट आणि सह्याद्री अशी असतील, तर फ्री डिशकडे वळण्यात काहीच गैर नाही. दोन-तीन सशुल्क मराठी वाहिन्यांवरच घराचा जीव असेल, तर कंपनीने माथी मारलेला संच काढून त्या सुट्या घेणे अधिक शहाणपणाचे. हा हक्क २०१९ पासून आहे, पण तो वापरण्याचे कष्ट फार थोडे ग्राहक घेतात.

घरातल्या वयोवृद्धांना या हिशेबातून वगळू नये. तरुण मंडळी मोबाइलवर काहीही पाहू शकतात. म्हणूनच टीव्हीचे देयक त्यांना निरर्थक वाटते. दिवसभर घरी असणाऱ्या आजी-आजोबांची रोजची मालिका मात्र त्या देयकावरच चाललेली असते. वाचणारे पैसे एकाचे आणि सुटणारी वाहिनी दुसऱ्याची असेल, तर तो बदल मोफत म्हणता येणार नाही.