दगड वाचायला बर्फात गेलेल्या बायका

आपल्याकडचा दगड म्हणजे काळा कातळ. पाटा-वरवंटा त्याचा, जातं त्याचं, आणि अंबरनाथचं शिवमंदिरही 1060 साली याच दगडात उभं राहिलं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा नवा थर बसला. पाऊस उघडल्यावर मलंगगडाकडे किंवा बदलापूरजवळच्या चंदेरीकडे नीट बघा. भाकऱ्यांची चळत ठेवावी तसे आडवे थर दिसतील.

हे थर बघून जमिनीचा इतिहास सांगणाऱ्यांना भूवैज्ञानिक म्हणतात. आपल्याकडे त्यांना ऊन, काटेकुटे, चढण सगळं सोसावं लागतं, पण दगड निदान समोर असतो. पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, अंटार्क्टिका खंडावर, दगडच दिसत नाही. तिथली एक टक्क्याहूनही कमी जमीन उघडी आहे, बाकी सगळी बर्फाखाली. त्या उघड्या तुकड्यांपैकी एक म्हणजे शिर्माखर टेकड्या. बदलापूरहून नेरळ जेवढं लांब, साधारण तेवढीच त्यांची लांबी, आणि रुंदी जेमतेम तीन किलोमीटर.

डिसेंबर 1983 मध्ये गोव्याहून भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम निघाली. तिच्यात पहिल्यांदाच दोन बायका होत्या. एक आपल्या नागपूरला जन्मलेल्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या अदिती पंत. त्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत होत्या आणि त्यांचं काम समुद्राच्या पाण्याचं. दुसऱ्या कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातल्या सुदीप्ता सेनगुप्ता. दगडांचं काम यांचं. दार्जिलिंगच्या संस्थेत तेनसिंग नोर्गे यांच्या हाताखाली त्या गिर्यारोहण शिकल्या होत्या. ते शिक्षण इथे कामाला आलं.

सुदीप्ताताईंनी शिर्माखरचे जे दगड तपासले ते आपल्या कातळासारखे आडव्या थरांचे नाहीत. जमिनीच्या खूप खोल, प्रचंड उष्णता आणि दाबाखाली ते मऊ होऊन दुमडले गेले. पांढरे-काळे पट्टे एकमेकांत वळलेले, लुगड्याच्या निऱ्या एकावर एक घालाव्यात तसे. आधी कोणती घडी पडली, मग कोणती, जोर कुठल्या बाजूने आला, हे त्या निऱ्यांवरून ओळखायचं. त्यासाठी लागतं काय? एक हातोडी, एक होकायंत्र, छोटं भिंग, वही आणि पेन्सिल. पेन्सिलच का, तर पेनातली शाई गोठते.

सोपं वाटतं ना? पण घडीचा कोन मोजायचा, आकडा लिहायचा, तर जाड हातमोजा काढावा लागतो. थंडगार लोखंडाला उघडी बोटं लागली तर कातडी चिकटते. मोजा लगेच चढवला नाही तर बोटं बधिर होतात, आणि बधिर झालेलं बोट गमवायची वेळ येऊ शकते. तिथल्या उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, पण बर्फाच्या पठारावरून वारा खाली घसरत येतो आणि अंगातली ऊब काढून नेतो. घाम येईल इतकं भराभर चालायचं नाही, कारण ओला कपडा त्या वाऱ्यात शत्रू होतो. बर्फावरच्या उजेडाने डोळे भाजतात म्हणून काळा चष्मा हवाच. बर्फावरून जाताना एकटीने जायचं नाही, कमरेला दोर बांधून जायचं. पायाखालचा बर्फ भरीव दिसला तरी खाली खोल भेग असू शकते.

दगड फोडण्याआधी त्यावर दिशेची खूण करायची, नंबर टाकायचा, नकाशावर जागा दाखवायची आणि मगच हातोडी उचलायची. खूण राहिली तर तो नुसता दगड उरतो. आपल्या गटात हप्ता त्याच बैठकीत वहीत चढवा असं मी सारखी म्हणते, त्याची मला इथे आठवण झाली.

एवढा आटापिटा कशाला, असं एखादी मावशी विचारेल. तर ऐका. 1912 मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना इंग्रज कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती भुकेने, थंडीने संपले. त्यांच्या घसरगाडीवर सुमारे 16 किलो दगड सापडले. जीव जात होता तरी त्यांनी ते टाकले नव्हते. त्यात जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे होते. त्या झाडाचं नाव ग्लॉसोप्टेरिस. ज्या जंगलांपासून आपल्या चंद्रपूरचा कोळसा झाला, त्यांतलंच हे झाड. 25 कोटी वर्षांहून जुनी गोष्ट. एकच झाड दोन्हीकडे, कारण तेव्हा भारत आणि अंटार्क्टिका एकाच जमिनीचे भाग होते. त्या जोडखंडाला शास्त्रज्ञ गोंडवाना म्हणतात, आणि ते नाव आपल्या गोंड लोकांच्या मुलखावरून पडलं आहे. सगळं जग आज तो शब्द वापरतं! ही जमीन कुठे जोडलेली होती, कशी तुटली, हे समजायला तिथले दगड तपासावेच लागतात.

आता बायकांचं. अमेरिकेने कितीतरी वर्षं आपल्या बायकांना अंटार्क्टिकात जाऊच दिलं नाही. ने-आण करणारं त्यांचं नौदल तयार नव्हतं. शेवटी 1969 मध्ये लॉइस जोन्स या भूरसायनतज्ज्ञ तीन सहकारी बायकांना घेऊन गेल्या. त्या तंबूत राहिल्या आणि दगड त्यांनी स्वतः फोडले. त्याच वर्षी 12 नोव्हेंबरला सहा बायका विमानाने दक्षिण ध्रुवावर उतरल्या. पहिली कोण हा वाद नको म्हणून सहाही जणी हातात हात घालून एकदम खाली आल्या. मला ही गोष्ट फार आवडते. त्यानंतर चौदा वर्षांत आपल्या दोघी तिथे पोचल्या.

त्यांच्याच मोहिमेत भारताचं पहिलं ठाणं, दक्षिण गंगोत्री, बर्फाच्या थरावर बांधलं गेलं. बर्फ साचत गेला, ठाणं हळूहळू गाडलं गेलं, आणि 1990 मध्ये ते सोडावं लागलं. दुसरं ठाणं, मैत्री, मात्र शिर्माखरच्या पक्क्या खडकावर उभारलं. ते 1989 पासून चालू झालं. त्याच वर्षीच्या मोहिमेत सुदीप्ताताई हातोडी घेऊन दुसऱ्यांदा तिकडे निघाल्या.