भोंग्याचा दीड तास

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये ठरविले, की सायंकाळी सातला देवळावरील भोंगा वाजताच दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी दीड तास बंद ठेवावयाचे आणि मुलांनी पुस्तके उघडावयाची. करोनाच्या काळात शाळेनेच हे यंत्र मुलांच्या हाती दिले होते, हे विसरून चालणार नाही. माहितीच्या विपुलतेतून अवधानाचे दुर्भिक्ष्य निर्माण होते, असे हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ मध्येच मांडले होते. ते एकट्या कुटुंबाला निवारता येत नाही. शेजारी पडदा उजळलेला असताना आपल्याच मुलाला आवरणारी आई त्याच्या लेखी जुलमी ठरते. भोंग्याने तिचा हा वाईटपणा गावाकडे घेतला. बापाच्या खिशातील यंत्र साडेआठनंतर पुन्हा थरथरू लागते, त्याचा विचार मात्र ठरावाबाहेर राहिला.