शरीराची दुरुस्ती : भाग ७ – हाड जोडतं कोण?

गेल्या आठवड्यात कातडीची जखम पाहिली. ती भरते, पण व्रण ठेवून जाते. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेल्या स्नायूच्या जागीही व्रणच राहतो. हाडाची गोष्ट वेगळी. मोडल्या जागी पुन्हा हाडच तयार होतं, आणि पुष्कळदा काही वर्षांनी एक्स-रे काढला तर नेमकं कुठे मोडलं होतं ते शोधावं लागतं.

हाड मोडलं की आतल्या रक्तवाहिन्याही तुटतात आणि दोन टोकांमध्ये रक्त साकळतं. सूज आणि ठणका आपल्याला नकोसा वाटतो, पण कामाची सुरुवात तिथूनच होते. साकळलेल्या रक्तात पांढऱ्या पेशी येऊन मेलेले तुकडे साफ करतात, नव्या रक्तवाहिन्या शिरतात. दोन-तीन आठवड्यांत टोकांभोवती कूर्चेचा मऊ गोळा तयार होतो. डॉक्टर त्याला ‘कॅलस’ म्हणतात. पुढे त्यात कॅल्शियम साठतं आणि कूर्चेची जागा हाड घेतं. हे नवं हाड ओबडधोबड असतं. मग हाड खाणाऱ्या पेशी आणि हाड बांधणाऱ्या पेशी मिळून ते कोरत बसतात. भार पडेल तिथे भर घालायची, न पडेल तिथलं काढून टाकायचं, असं ते काम महिनोन् महिने, कधी काही वर्षं चालतं. प्लास्टर निघालं म्हणजे सगळं आटोपलं, असा आपला समज असतो.

मग डॉक्टर काय करतात? हाड सरळ बसवतात आणि धरून ठेवतात, एवढंच. पण हे ‘एवढंच’ फार मोठं आहे, कारण शरीराला जोडता येतं, सरळ जोडता येतंच असं नाही. वाकडं बसलेलं हाड ते तितक्याच निष्ठेने वाकडं जोडतं. लहान मुलांचं थोडं वाकलेलं हाड वाढीबरोबर सरळ होऊ शकतं. पिळलेलं राहिलं तर तो पीळ मात्र सहसा सुटत नाही.

धरून ठेवण्याच्या युक्त्यांना मोठा इतिहास आहे. आज वापरतो त्या प्लास्टरच्या पट्ट्या 1851 च्या सुमारास मॅथायसेन या डच लष्करी डॉक्टरने काढल्या. मांडीच्या हाडात आतून रॉड घालण्याची पद्धत 1939 मध्ये जर्मनीच्या क्युन्चरने आणली. ‘रॉड टाकलाय’ म्हणणारा आपला शेजारी त्याचाच ऋणी. आणि सायबेरियातल्या कुर्गानच्या इलिझारोव्हने तर कमालच केली. पायाभोवती धातूची कडी, हाडातून आरपार तारा, आणि मुद्दाम कापलेली टोकं रोज साधारण एक मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत, एकमेकांपासून दूर न्यायची. मधली फट शरीर नव्या हाडाने भरत जातं. याहून वेगाने ओढलं तर हाड धरत नाही, फार सावकाश ओढलं तर ते लवकर जुळून जातं. 1980 मध्ये इटलीचा गिर्यारोहक कार्लो मौरी तिथे पाय दुरुस्त करून आला, तेव्हा कुठे पश्चिम युरोपचं लक्ष तिकडे गेलं.

धातूमुळे हाड जुळतं असं नाही. ते जुळेपर्यंत धातूने भार सांभाळायचा. हाड वेळेत जुळलं नाही, तर शेवटी रॉडसुद्धा थकून तुटतो. म्हणून ‘स्टील टाकलंय, आता काय भीती!’ हे वाक्य मला धास्तीचं वाटतं.

आता घरातल्यांसाठी दोन गोष्टी. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांचं हाड उशिरा जुळतं, कधी जुळतच नाही. निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं, आणि ते तंबाखू-मशेरीतही असतं. निदान तेवढे महिने तरी सोडा. दुसरी गोष्ट याहून तातडीची. हाडवैद्याने आवळून बांधलेल्या पट्टीखाली किंवा प्लास्टरखाली ठणका वाढत चालला, बोटं ताणली की कळ जाऊ लागली, ती बधिर, गार किंवा निळी पडली, तर सकाळची वाट पाहू नका. आत दाब वाढून स्नायू काही तासांत मरू लागतात. रात्र असली तरी तडक दवाखाना गाठा आणि पट्टी सैल करून घ्या.