नातवंडांसह अंदमानला जाताना

अंदमानला जायचे ठरले की आपल्या इंदूरकर घरांत आधी कपड्यांची बॅग भरली जाते. डिसेंबरात इथे थंडी असते, म्हणून स्वेटरही त्यात जातात. तिथे मात्र तेव्हाही पारा तिशीच्या आसपास असतो आणि हवा दमट. मुलांना सुती, पातळ, पूर्ण बाह्यांचे कपडे पुरतात.

आम्ही बँकेतली माणसे सामानाचे दोन भाग करतो : मुदत ठेव आणि हातातली रोकड. मोठी बॅग ही ठेव. बाळाची दुपटी, डायपर, कपड्यांचा एक जोड, थर्मामीटर आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे ही रोकड. ती विमानात आणि बोटीत जवळच हवी. स्वराज द्वीपासारख्या बेटांवर औषधांची दुकाने मोजकीच आहेत.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उकाड्यातही वरचे पाणी देऊ नये. दूध वारंवार पाजावे. त्याला सनस्क्रीन न लावता सावलीत ठेवावे. टोपी आणि मच्छरदाणी विसरू नये.

मोठ्या नातवाला जुलाब झाले तर ओआरएस लागते. मोठी पुडी १ लिटर पाण्यासाठी, छोटी २०० मिलीसाठी. पुडीवरचे माप वाचून पूर्ण पुडी एकदम कालवावी. अंदाजाने अर्धी पुडी पेलाभर पाण्यात घातली तर मीठ जास्त होऊन अपाय होतो. कालवलेले पाणी २४ तासांनंतर ओतून द्यावे.

मूल मलूल झाले किंवा सहा तासांत लघवी झाली नाही, तर फिरणे थांबवून थेट दवाखाना गाठावा. समुद्र उद्याही तिथेच असतो.