देवराई : श्रद्धा आणि निसर्गप्रेम यांचा एकत्र धडा



'देवाच्या नावाने राखलेले जंगल म्हणजे देवराई.' ही व्याख्या आपण मुलांकडून पाठ करून घेतो, मुलं ती पेपरात लिहितात आणि विषय संपतो. मीही बरीच वर्षं असंच शिकवलं. मग एकदा चौथीच्या मुलांना घेऊन जवळच्या देवराईत गेलो. आत शिरताना सवयीने म्हणालो, "पान तोडायचं नाही हं, देव कोपेल." एका मुलीने लगेच विचारलं, "सर, देवळापुढचा मंडप बांधताना झाडं तोडली, तेव्हा देव कसा नाही कोपला?"

मला उत्तर देता आलं नाही. पण तेव्हापासून मी हा धडा वेगळ्या पद्धतीने घेतो.

नुसती भीती का पुरत नाही?

कोकणात आणि सह्याद्रीत काळकाई, वाघजाई, भैरोबा अशा ग्रामदेवतांच्या नावाने पिढ्यानपिढ्या जंगलं राखली गेली. अनेक ठिकाणी नियम इतका कडक, की वाळलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. पण आपण मुलांपर्यंत फक्त धाक पोचवला, तर काय होतं? एक झाड तुटतं, कुणालाच काही होत नाही, आणि धाक संपतो. मग दुसरं झाड तोडायला कुणाचाच हात अडत नाही.

आपल्या आजी-आजोबांच्या श्रद्धेत धाकाबरोबर जाणही होती. याचं एक खरं उदाहरण मुलांना जरूर सांगा. 1970 च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक हे शास्त्रज्ञ महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करत होते. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी त्यांच्याकडे मदत मागितली. त्यांची काळकाईची राई तोडली जाणार होती. देवीचं रान म्हणून तर ती हवीच होती, पण गावाला पाणी देणारा ओढाही त्याच राईतून येत होता. राई वाचली. गावकऱ्यांच्या मनात देवी आणि पाणी वेगळे नव्हते.

देवराईत गेल्यावर काय करायचं?

1. चपला बाहेर काढा. आधी आपण काढायच्या, मग मुलं आपोआप काढतात. पायवाट साफ असेल तिथेच हे करा, आणि पावसाळ्यात मात्र नको.

2. पाच मिनिटं गप्प बसा. नंतर प्रत्येकाने ऐकलेला एक आवाज सांगायचा. पहिल्यांदा मुलं हसतात, खुसखुसतात. हसू द्या.

3. जमीन हाताने बघा. पालापाचोळा बाजूला करून माती दाबायला सांगा, मग बाहेरच्या उघड्या माळावरची माती. पावसाचं पाणी राईत का मुरतं, हे वेगळं शिकवावं लागत नाही. पालापाचोळा परत होता तसा पसरून ठेवायचा.

4. जुनी झाडं शोधा. धनेश पक्ष्याची मादी मोठ्या झाडाच्या ढोलीत बसून दार लिंपून घेते. फक्त एक फट ठेवते आणि नर तिला त्या फटीतून फळं भरवतो. अशी ढोली कोवळ्या झाडाला नसते. म्हणजे म्हातारं झाड पाडलं, की एक घर गेलं. मुलांना हे लगेच पटतं.

5. गावातल्या वयस्कर माणसाला बोलवा. राईचे नियम आणि देवीची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. मुलांच्या प्रश्नांना मध्येच थांबवू नका.

पालकांसाठी दोन शब्द

जत्रेला जाताना मुलांना देवळामागच्या रानातही न्या. आपण तिथे प्लास्टिकची पिशवी टाकली, तर घरी सांगितलेल्या दहा गोष्टी वाया जातात. आणि जीर्णोद्धाराच्या बैठकीत कुणी "ही झाडं मध्ये येतात" म्हणालं, तर मंडप थोडा सरकवता येईल का, एवढं तरी विचारा. शेजारी बसलेलं मूल ते ऐकत असतं.

त्या मुलीला मी पुढच्या आठवड्यात सांगितलं, "बाळा, देव कोपतो की नाही, ते मला माहीत नाही. पण झरा आटला, तर सगळ्या गावाला कळेल." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, मग आपण झरा बघायला परत कधी जायचं?"

आता दरवर्षी दिवाळीनंतर एकदा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एकदा आम्ही जातो. झऱ्याला पाणी किती आहे, ते मुलंच वहीत लिहून ठेवतात.

तुमच्या गावाजवळ राई असेल, तर यंदा एकदा तरी मुलांना घेऊन जा.